त्र्याऐंशी नंबरचे काका

जुन्या फोटोच्या सगळ्यात काळ्या भागात, कडेपासून साधारण तीन मिलिमीटर आत, एक निळसर झाक धरते. समोरून पाहिलं तर ती दिसत नाही. फोटो खिडकीकडे जरा तिरका केला, की एका ठरावीक कोनात ती उजळते आणि कोन किंचित बदलला की विझते. ही झाक म्हणजे चांदी. प्रतिमा धरून बसलेली चांदी साठ-सत्तर वर्षांत हळूहळू पृष्ठभागावर येते. संग्राहक याला दोष मानतात. मी रसायनशास्त्र शिकलेली बाई आहे, मला तो दोष वाटत नाही. ज्या उजेडाने एका दुपारी माझ्या पणजीच्या गालाला स्पर्श केला, तोच पुढे येऊन चांदीला लागला, आणि ती चांदी अजून इथे आहे, वर यायला बघते आहे. हे मला पहिल्यांदा नीट उमगलं तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून आले होते. त्या दुधाचं आणि पातेल्याचं काय झालं, हा या कथेचा विषय नाही.

मी एकतीस वर्षं पाणी तपासलं. गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्याआधीपासून मी जुनी चित्र-पोस्टकार्डं जमवते: पूल, घाट, बंदरं, दीपगृहं. एकूण अकराशे चाळीस कार्डं, प्रत्येक आपल्या कप्प्यात. फोटो जमवायचा माझा विचार नव्हता. ते भावाने पाठवले. घर लहान झालं म्हणाला. त्याचं घर लहान झालं नव्हतं, टीव्ही मोठा झाला होता, आणि आईच्या माहेरचा आल्बम ठेवायचं कपाट त्या जागी आड येत होतं.

आल्बममध्ये चोवीस पानं, पानावर चार, असे शहाण्णव फोटो होते. एकाच्याही मागे नाव नव्हतं. ही माणसं ओळखणारं जगात एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे आई. वय चौऱ्याऐंशी, स्मरण ठणठणीत, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सहा वर्षांपासून.

ऑपरेशनची तारीख चार वेळा ठरली आणि चार वेळा मोडली. एकदा तिला शिंक आली. एकदा डॉक्टरच तिला पसंत पडला नाही. "त्याला मिशी तरी फुटू दे," म्हणाली. एकदा तिने कारणही दिलं नाही, नुसतं पायात चपला घालायचं नाकारलं. चौथ्या वेळी म्हणाली, "बघण्यासारखं होतं ते बघून झालंय. आणि मला सगळं दिसतं. तू तोंड पाडून बसलीयस, तेही दिसतंय."

मी तोंड पाडूनच बसले होते, त्यामुळे वाद पुढे गेला नाही. पण एक दिवस ती नसेल आणि मग हे शहाण्णव फोटो म्हणजे अनोळखी माणसांची चित्रं उरतील, हे मला दिसत होतं. म्हणून मी कामाला लागले.

काम शास्त्रशुद्धच करायचं होतं. आल्बमचा डिंक आम्लधर्मी, फोटोंना घातक. तेव्हा मी पहिल्यांदा सगळे फोटो सोडवले आणि लहानापासून मोठ्याकडे असे आकाराने लावायला घेतले. हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात शिस्तबद्ध मूर्खपणा होता. पण तेव्हा मला नुसतं समाधान वाटत होतं.

त्याच दिवशी शेजारच्या टेबलावर पोस्टकार्डं हवा खायला पसरली होती. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी डोकावल्या. समोरच्या वहिनींना जगातल्या प्रत्येक गोष्टीवर उपाय माहीत असतो. फोटोंवर कापलेला बटाटा फिरवा, म्हणाल्या. मग हलकी इस्त्री. तेही नको असेल तर फ्रीजरमध्ये ठेवा, त्यांच्या मावसभावाने ठेवले होते.

"मग काय झालं?" मी विचारलं.

"ते नाही विचारलं. बाई, किती उकडतंय तुमच्याकडे," असं म्हणून त्यांनी पंखा लावला. पाचवर.

पुढचं मी एका वाक्यात सांगते. बाराशे छत्तीस कागद एकाच वेळी हवेत असताना फार सुंदर दिसतात.

आवरायला वहिनींनीच मदत केली. त्यांची पद्धत सोपी होती. मागे पत्त्याच्या रेघा असल्या तर पोस्टकार्ड, पाठ कोरी असली तर फोटो. पद्धत मला पटली. मोजदाद केली तर फोटो बरोबर शहाण्णव, कार्डं बरोबर अकराशे चाळीस. बेरीज जुळली की माझ्या मनातली शंका झोपी जाते. एकतीस वर्षांची सवय.

मग फोटो पालथे ठेवूनच पट्टीने मोजले आणि मऊ पेन्सिलीने पाठीवर आकडे घातले, एक ते शहाण्णव. वहिनींनी रिकामा आल्बम मागितला. "टाकणारच आहात ना? मला जाडसर काहीतरी हवंच होतं." मी दिला.

रोज सकाळी चहा झाला की आईला खिडकीपाशी बसवायची, हातात सुती मोजे चढवायची.

"चोरी करायला बसवलंयस का मला?" ती विचारायची.

"बोटांचं तेल लागतं, आई."

"माझ्या बोटांना तेल राहिलंय कुठे."

मी फोटो पालथाच तिच्या हातात द्यायची आणि वहीत मान खाली घालून लिहायची. फोटोकडे मी बघत नव्हते. याला कारण होतं. पाण्याचा नमुना कुठल्या विहिरीतून आला, हे तपासणाऱ्याने बघायचं नसतं. बघितलं की मन आधीच उत्तर ठरवतं. मी फोटो बघितला असता तर "ही मावशी ना?" असं तोंडून निसटलं असतं, आणि साक्षीदार बिघडला असता.

आई दर वेळी आधी विचारायची, "कितवा?"

"एकतिसावा."

मग ती फोटो समोर धरून सांगायची. माझ्या आईला अनुक्रमांकाबद्दल इतका आदर आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी मनातून सुखावले होते. आणि सांगायची तरी काय. कोणाची बाही उसवली होती आणि ती कशी झाकली होती, कोणाला ढेकूण चावला म्हणून मान वाकडी होती, कोणत्या दोन जावा शेजारी उभ्या होत्या पण वर्षभर बोलत नव्हत्या. मी लिहीत होते आणि पेन मध्येच थांबत होतं. ऐंशी वर्षांपूर्वीची हवा त्या खोलीत येऊन बसत होती. मला वाटलं, हे आपल्या एकटीजवळ ठेवणं बरं नाही.

इथे ग्रंथालयाचा प्रवेश होतो.

ग्रंथालयाचं सभागृह प्रदर्शनाला मिळतं, पण नमुना क भरावा लागतो. तिथले कारकून अत्यंत सौम्य गृहस्थ होते. आवाज चढवण्याची त्यांना गरजच नव्हती, त्यांच्याजवळ शिक्का होता.

"फोटोतल्या व्यक्तींची लेखी संमती लागेल, मॅडम."

"त्या व्यक्ती वारल्या आहेत."

"सगळ्या?"

"एक सोडून. पण ती तेव्हा आठ महिन्यांची होती."

"मग तिची संमती, आणि बाकीच्यांचे मृत्यूचे दाखले. साक्षांकित."

"यातले बरेच जण दाखले द्यायची पद्धत पडायच्या आधी गेले."

"घाई केली," ते म्हणाले, आणि खरोखर हळहळले.

तीन खेपा झाल्यावर त्यांना माझी दया आली. अर्ज उलटा करून ते हळूच म्हणाले, "व्यक्ती कशाला लिहिता? वस्तू लिहा. वस्तूला संमती लागत नाही." पण वस्तू म्हटलं की पुढे 'उपयोग' असा रकाना येतो. मी शहाण्णव वेळा 'शोभा' असं लिहिलं. अकरा मुलं वाढवून छपराची कौलंही स्वतः फिरवणाऱ्या माझ्या पणजीपुढे 'उपयोग: शोभा' लिहिताना हात अडखळला. तिने हे वाचलं असतं तर माझा काय उपयोग आहे, ते तिने दोन शब्दांत सांगितलं असतं.

फोटोंखाली लावायच्या चिठ्ठ्या कारकुनांनी माझ्या वहीवरून टाइप केल्या. फ्रेमा ग्रंथालयाच्या सुताराने आकडे बघून भिंतीवर लावल्या. मी हात लावला नाही. पद्धत इतकी पक्की होती की माझी गरजच नव्हती.

उद्घाटनाला आईला नवी शाल पांघरून नेलं आणि दाराशी खुर्चीवर बसवलं. लोक आले. फोटोंसमोरून जाताना लोक बोलत नव्हते, आणि काहींच्या चेहऱ्यावर तर विलक्षण गंभीर भाव होता. माझा ऊर भरून आला. अभिप्रायाच्या वहीत कोणीतरी लिहिलं होतं, "काकांसमोर पाय निघेना." त्याखाली दुसऱ्या अक्षरात, "प्रत्येक घराला असे काका मिळोत."

तेवढ्यात एक निवृत्त भूगोल-शिक्षक माझ्यापाशी आले. बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"ताई, त्र्याऐंशी नंबर. तुमचे काका त्यात नक्की कुठे आहेत?"

"मध्यभागी असतील. उंच आहेत."

"मध्यभागी दीपगृह आहे."

"मग त्याच्या शेजारी."

"शेजारी समुद्र आहे," ते म्हणाले. "मी नीट बघितला."

मी गेले. फ्रेममध्ये माझ्याच संग्रहातलं एक दीपगृह उभं होतं, मागे भरतीचं पाणी. आधीच्या मालकाने त्याच्या पाठीवर कोरा कागद डकवला होता, म्हणून वहिनींच्या पद्धतीत ते फोटो ठरलं होतं. खाली स्वच्छ टाइपात चिठ्ठी होती: "थोरले काका. फार उंच. बोलणं कमी. रात्र रात्र जागायचे. आल्यागेल्याची काळजी. वादळात दार उडालं, पण हे जागचे हलले नाहीत. लांबून दिसले तरी धीर यायचा."

एक बाई माझ्या शेजारी उभ्या राहून डोळे टिपत होत्या. "किती वेगळ्या तऱ्हेने मांडलंय तुम्ही," त्या म्हणाल्या.

मी बारा नंबरकडे धावले. कानापर्यंत मिशा असलेले एक टकले गृहस्थ हातात काठी घेऊन बसले होते. खाली लिहिलं होतं: "मी. वय आठ महिने. हट्टी." एकतीस नंबरच्या खाली होतं: "धाकटी आत्या. कपाचा कान तुटला होता, तो बोटांआड लपवलाय." वर एक दुकान आणि एक सायकल. आत्या नव्हती, कप नव्हता.

लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली, सवडीने आणि भरपूर. त्या क्षणी मी दाराकडे बघितलं. आई ताठ बसली होती. कोणी जवळून गेलं की पावलांच्या आवाजाकडे तोंड वळवून हसत होती, पण जरा उशिरा. माणूस पुढे गेल्यावर. सहा वर्षं मी तिला रोज बघत होते आणि हे मला दिसलं नव्हतं. तीन आठवडे माझ्यासमोर बसून तिने शहाण्णव उत्तरं दिली, आणि तिला एकही फोटो दिसत नव्हता.

मी कारकुनांना गाठलं. चिठ्ठ्या काढा म्हटलं.

"बदलासाठी नमुना ड. आणि आता शिक्का बसलाय, मॅडम." त्यांनी सौम्यपणे मान हलवली. "पंधरा दिवस हे तुमचे काकाच."

परत फिरताना अठ्ठावन्न नंबरपाशी माझे पाय थबकले. लंबगोल फोटो होता, आत एक तरुण मुलगी, आणि तिच्या हातात कप. पर्समध्ये भिंग असतंच. लावून बघितलं. कपाला कान नव्हता. दोन बोटांच्या मध्ये तुटका ठिपका होता, टाचणीच्या डोक्याएवढा. डिंक सोडवताना मीच हा फोटो हाताळला होता, मला तो दिसला नव्हता.

न दिसणाऱ्या बाईने हे मला सांगितलं होतं. फक्त दुसऱ्याच फोटोखाली.

त्या सभागृहात उभी राहून मी नेहमीसारखा विचार केला. उत्तरं बरोबर आहेत आणि प्रश्नांशी लागत नाहीत, तर गडबड क्रमाची असणार. मग मला "कितवा?" आठवलं. आणि मग आल्बम.

आईला घरी सोडलं आणि थेट वहिनींचं दार वाजवलं. "आल्बम कुठंय?"

"वॉशिंग मशीनच्या पायाखाली. तो पाय आखूड आहे. काढता येणार नाही हो आत्ता, पिळायला लागलंय. उचलला तर मशीन चालत दारापर्यंत येतं."

मी उचलला. मशीन चालत दारापर्यंत आलं. वहिनी त्याला मिठी मारून उभ्या राहिल्या, आणि मी तिथेच जमिनीवर बसून पानं मोजली.

आल्बमची काळी पानं उघड्यावर विटतात. फोटोखालचा भाग मात्र मूळचा काळा राहतो. म्हणजे प्रत्येक फोटो गेला तरी आपली सावली ठेवून जातो. एकतिसावी जागा म्हणजे आठव्या पानावरची तिसरी. तिथे काळा लंबगोल होता. बारावी जागा, तिसऱ्या पानावरची शेवटची. तिथे अगदी लहानसा चौकोन. माझ्या यादीत इतका लहान एकच फोटो होता, दुपट्यातल्या रागीट बाळाचा.

चूक आईची नव्हतीच. आल्बम मी मोडला होता. तिच्या आत तो अजून शाबूत होता, पानागणिक.

घरी आले. आई शाल घडी करत होती. मी म्हटलं, "आई, तू मला आल्बम पाठ म्हणून दाखवत होतीस."

"मग? तू आकडा सांगत होतीस, मी फोटो सांगत होते." ती शांतपणे म्हणाली. "आमचे अण्णा, तुझे आजोबा, रविवारी तेच करायचे. आल्बम मिटून घ्यायचे. 'कितवा?' आम्ही विचारायचं, ते आकडा सांगायचे. चुकलं की एक पाढा. मला वाटलं, तुला खेळ माहीत आहे."

"पण फोटो तर तुझ्या हातात होता."

"होता."

"तो दिसत नव्हता तुला."

तिने शालीचं टोक टोकाला लावलं, दोनदा. "गरज कुठे पडली," ती म्हणाली.

प्रदर्शन संपेपर्यंत काकांना बघायला माणसं येत राहिली, त्याविषयी मी बोलणार नाही. पंधरा दिवसांनी फ्रेमा घरी आल्या. मी आणि वहिनी आल्बम घेऊन बसलो आणि आईच्या शब्दांवरून एकेक फोटो आपल्या सावलीवर ठेवत गेलो. मिशीवाले टकले गृहस्थ बाविसाव्या पानावर बसले. थोरले काका आपल्या त्र्याऐंशीव्या जागी गेले, आणि खरंच दाराच्या चौकटीपेक्षा उंच होते. प्रत्येक फोटो बसला की वहिनी नुसत्या "अगं बाई" म्हणायच्या. पंच्याण्णव फोटो जागेवर गेले. माझ्या सगळ्या नोकरीत इतका शुद्ध निकाल मी पाहिला नव्हता.

शेवटची जागा रिकामी राहिली. वहीत आईचे शब्द होते: "माझी आई. हसतेय. आल्बममध्ये हसणारी एकच." हातात उरलं होतं दीपगृह.

म्हणजे एक चूक इकडे झाली होती आणि एक तिकडे, म्हणून तर बेरीज जुळली होती. मी पोस्टकार्डांची पेटी उघडली. पुलांमध्ये नव्हता. बंदरांमध्ये नव्हता. दीपगृहांच्या कप्प्यात, पाठ वर करून, सापडला. त्या काळी काही फोटो थेट पोस्टकार्डाच्या कागदावर छापत, मागे पत्त्याच्या रेघा असत. वहिनींनी रेघा बघितल्या आणि मी वहिनींवर विश्वास ठेवला.

मी तो उलटला. दारात उभी असलेली एक तिशीची बाई. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, आणि हनुवटी माझी होती.

आई खिडकीपाशी बसली होती. "मिळाली?" तिने विचारलं. "हसतेय ना?"

"हसतायत की," वहिनी म्हणाल्या. "दातसुद्धा दिसतायत."

"तो दात नाही, कागदावरचा ओरखडा आहे," मी म्हटलं. वहिनींनी मला कोपर मारलं. मी भिंग लावलं. खूप वेळ बघितलं. एक ओठ उचलला होता, डोळे बारीक झाले होते, पण सावली तिच्या पाठीमागे पडली होती, म्हणजे ऊन थेट तोंडावर होतं. उन्हात सगळ्यांचेच चेहरे असे होतात. 'हो' म्हणायला एक अक्षर लागतं. ते माझ्या तोंडून निघेना. एवढ्या सगळ्या खऱ्या गोष्टींच्या शेवटी एक अंदाज मला लिहायचा नव्हता.

"सांगता येत नाही, आई. हसत असेल. ऊनही असेल."

"तुला विज्ञान शिकवलं, तिथेच चुकलं," आई म्हणाली.

तिने हात पुढे केला. मोजे घालायला मी सांगितलं नाही. तिने कार्ड डोळ्यांजवळ नेलं, इतकं की पापण्या लागाव्यात. मग लांब धरलं. मग खिडकीकडे तिरकं केलं, अगदी मी करते तसं, आणि कडेची चांदी एकदम उजळून तिच्या बोटांवर निळसर उजेड पडला आणि गेला.

"अण्णा म्हणायचे, हसतेय," ती म्हणाली. "मीही तेच म्हणायचे. पाठ होतं ना. पाठ असलं की बघितलं जात नाही."

वहिनींनी पंख्याच्या बटणाकडे नेलेला हात मागे घेतला.

आईने कार्ड पदराने पुसायला घेतलं, मग आठवण होऊन थांबली आणि ते पालथं न ठेवता, तोंड वर करून मांडीवर ठेवलं.

"त्या बिनमिशीच्या डॉक्टरला फोन लाव," ती म्हणाली. "उजवा डोळा आधी कर म्हणावं. हसतेय का ते माझं मी बघते."